माझ्या मुलीचे विनयदादा

किस्से आम्ही जमवत नाही हो, ते उरतात. तरुण संघ आमच्याकडे येऊन गेला की दारात एखादी चप्पल उरते, खुर्चीवर कुणाचं तरी जॅकेट उरतं, फ्रिजमध्ये अर्धं कलिंगड उरतं. चपलेचा मालक आठवड्याने का होईना, येतो आणि ती घेऊन जातो. किस्सा मात्र परत न्यायला कुणी येत नाही! तो आमच्याच घरात राहतो. आता इतके साठलेत की कुणाला तरी सांगून थोडी जागा करायलाच हवी.

आधी ओळख करून देते. माझा नवरा विनय थळच्या बाजूला एका कारखान्यात ऑपरेटर आहे. तीन पाळ्या: फर्स्ट, सेकंड, नाइट. आणि चौथी पाळी तरुण संघाची. तिला पगार नाही, सुट्टी नाही आणि पाळी संपली की जागा घ्यायला येणारा रिलीव्हरही नाही. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, अलिबागजवळ आहे. लहानसं, कौलारू, रिक्षा स्टँडला चिकटून. तिथली वीस-बावीस पोरंपोरी म्हणजे तरुण संघ, आणि विनय त्यांचा लीडर. कुणाचं बारावीचं टेन्शन, कुणाचं घरात भांडण, कुणाचं प्रेमात बिनसलेलं. सगळ्यांचा पत्ता एकच. आमचं घर!

मी स्नेहल. बी.कॉम. झालेय आणि अतिशय घाबरट आहे. कुकर मीच लावते, शिट्टी झाली की मीच दचकते.

सासूबाई आमच्याकडेच असतात. लग्न होऊन आले त्या आठवड्यात ओट्यावर चहाच्या कपांची रांग बघून मी गप्प उभी होते. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "प्रभूनं पन बारा पोरं मागं फिरवली, सुनबाई. पर त्याला बायको न्हवती. आमच्या इन्याला ती हाय, ह्ये त्याला कुनी सांगायचं?"

* * *

आमची मुलगी जोई, आता साडेचार वर्षांची. ती बोलायला लागली तेव्हा घरात सतत काय ऐकू यायचं? "विनयदादा, पेटी कुठे ठेवू?" "विनयदादा, आईला तुम्ही सांगा ना!" तिनेही तेच उचललं. आम्ही कितीदा शिकवलं, "बाळा, पप्पा म्हण." ती म्हणायची, "हो." आणि लगेच हाक, "विनयदादा, पप्पा म्हणू?"

मला आधी गंमत वाटायची. मग नर्सरीचा पहिला दिवस आला. विनयची फर्स्ट होती, म्हणून मी एकटीच सोडायला गेले. बाईंनी लाडाने विचारलं, "आईचं नाव काय?"

"स्नेहल."

"घरी अजून कोण कोण असतं?"

"आजी. आणि विनयदादा."

"अरे वा! आणि पप्पा?"

जोईने नीट विचार केला. "पप्पा नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पण त्यांची नजर तिथपर्यंत पोचलीच नाही. त्या उठल्या, त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि हळूच म्हणाल्या, "धीर धरा, ताई!"

घाबरट माणसाचं असं होतं बघा, की तो खरं सांगायच्या ऐवजी "थँक यू" म्हणतो. मी म्हटलं!

संध्याकाळी विनयला सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. हातातला डबा तसाच धरून बसला. "सगळ्यांना वाटून वाटून पोरीच्या वाट्याला बाप उरलाच नाही," मी म्हणाले. त्याने डबा खाली ठेवला. मग तो म्हणाला, "तू सांग. तू म्हणशील त्या रविवारी मी मंडळीत उभा राहून तरुण संघ सोडतो. मी स्वतःहून नाही सोडू शकणार. तू सांग."

झालं! रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायला जिला दोन गल्ल्या लागतात, तिच्यावर ही जबाबदारी. मी म्हटलं, नाताळ होऊ दे. नाताळ झाला. मी म्हटलं, ईस्टर होऊ दे.

* * *

मधे आमच्या लग्नाचा वाढदिवस आला. विनयने पाळकसाहेबांची, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांची, जुनी गाडी मागून आणली आणि म्हणाला, "आज लाँग ड्राइव्ह. तू, मी आणि जोई." मी पैठणी नेसले. केसात अबोली माळली. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "जा, जा. आज कुनी आलं तर मी घरात न्हाय असं मीच सांगते!"

गाडी निघाली ती थांबेचना. नागाव गेलं, रेवदंडा गेलं, रोहा गेलं. मी विचारलं, "जेवायला कुठे थांबायचं?" विनय समोर बघत म्हणाला, "तळ्याला." रोह्याच्याही पुढे, तळा गावाला कोण जेवायला जातं हो? मी एकदम सरळ बसले. "विनय. तळ्याला कोण आहे?"

"सायमनची मावशी."

सायमन म्हणजे तरुण संघातला सगळ्यात आडमुठा पोरगा. टेम्पो चालवतो, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून बोटं मोडतो. वडिलांशी भांडून तो चार दिवस मावशीकडे येऊन बसला होता. फोन बंद.

पोचलो. सायमन आतल्या खोलीत, दाराला कडी. विनय दाराबाहेर जमिनीवर बसला. नुसता बसला. मी पैठणी सावरत मावशींना वाल सोलू लागले. जोई दाराच्या फटीतून एकेक वाल आत सरकवत होती. वाल संपत आले तेव्हा कडी वाजली. मी दचकले आणि सुपातले सोललेले वाल सांडले.

सायमन बाहेर आला. विनयकडे बघितलंच नाही त्याने, माझ्याकडेच बघत राहिला. पैठणी, अबोली, बांगड्या.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या नटून मला न्यायला आलात?"

मी म्हटलं, "हो. मग?"

परतताना तो मागच्या सीटवर जोईला मांडीवर घेऊन बसला होता. मावशींनी बांधून दिलेली भाकरी आणि वालाचं बिरडं आम्ही चौघांनी रस्त्याकडेला खाल्लं. तो आमच्या लग्नाचा पाचवा वाढदिवस!

* * *

ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही नागावच्या किनाऱ्यावर करतो. त्या वर्षी नागपूरचे पाहुणे वक्ते बोलावले होते. अतिशय विद्वान माणूस, पण समुद्र बहुधा पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी आदल्या दिवशी सगळं बसवून घेतलं. "मंडळी समुद्राकडे तोंड करून उभी राहील. पाण्यातून सूर्यबिंब वर आलं की मी हात उंच करीन. मी 'प्रभू उठला आहे' म्हटलं की सगळ्यांनी 'खरोखर उठला आहे' असा प्रतिसाद द्यायचा आणि लगेच गीत!"

आता कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा, आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो माडांच्या मागून! पण पाहुण्यांना कोण सांगणार? तरुण संघाने विनयकडे पाहिलं, विनयने पाळकसाहेबांकडे, पाळकसाहेबांनी वाळूकडे.

पहाटे सगळे समुद्राकडे तोंड करून उभे. पाहुणे हात उगारायच्या तयारीत. उजाडू लागलं. पाण्यावर काहीच नाही. अजून उजाडलं. बनाना बोटीवाला बोटी काढायला आला, तोही आमच्या मागे उभा राहून समुद्रात बघू लागला. त्याला वाटलं, कुणी बुडालं की काय! हळूहळू आमच्या पायांतून लांबच लांब सावल्या निघाल्या आणि पाण्यापर्यंत गेल्या. तरी पाहुणे समोरच बघताहेत.

जोई सायमनच्या खांद्यावर होती. ती एकटी मागे वळली आणि ओरडली, "अहो, तो इकडे आलाय!"

पाळकसाहेबांचा आवाज मोठा आहे. पण त्या दिवशी तो जसा लागला तसा मी कधी ऐकला नव्हता. "मंडळी, प्रभू उठला आहे! आपणच चुकीच्या दिशेला तोंड करून उभे आहोत!"

सगळे वळले. एकदम. म्हातारे, पोरं, कडेवरची बाळं, बनाना बोटीवाला. माडांच्या झावळ्यांमधून तो लालभडक गोळा सगळ्यांच्या तोंडावर आला. "खरोखर उठला आहे!" असं शंभर माणसं म्हणाली. बोटीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. पाहुण्यांचा हात अजून वरच होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे त्यांनी प्रवचन केलंच नाही.

त्या रविवारी विनयला सोडायला सांगायचं होतं. मी म्हटलं, पाऊस होऊ दे.

* * *

श्रावणात सासूबाई मागच्या मोरीत घसरल्या. उठता येईना. विनय फर्स्टला, फोन कारखान्याच्या गेटवर जमा. मी काय केलं असेल? मी त्यांच्या शेजारी बसून रडायला लागले. त्याच म्हणाल्या, "रडतेस काय? त्या सायमनला फोन लाव."

सायमन टेम्पो घेऊन आला. त्याच्या मागून आणखी कोण कोण आले, मला कळलंही नाही. आमच्या बोळात टेम्पो शिरत नाही. मग चौघांनी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चार पाय चौघांनी धरले आणि वरात निघाली. पुढे शेरॉन, ती नर्सिंग शिकतेय, "हळू, हळू" म्हणत चाललेली. मागे मी, हातात सासूबाईंचं आधार कार्ड आणि का कोण जाणे, एक लाटणं!

बायबलमध्ये, शुभवर्तमानात, एक गोष्ट आहे. पक्षघाती माणसाला चार मित्र खाटेवरून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून छप्पर उघडून वरून खाली सोडतात. दवाखान्याच्या दारात ही गर्दी! खुर्चीतून सासूबाई ओरडल्या, "पोरांनो, छपरावर न्हाय ना चढवनार मला?"

खुब्याला बारीक फ्रॅक्चर निघालं. बसायचं नाही, हलायचं नाही. विनय पाळी संपवून धावत आला तेव्हा वॉर्डाबाहेर आमची पोरं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. कुणी डबा आणलेला, कुणी चादर. जोई शेरॉनच्या ओढणीत गुंडाळलेली. मी ते बघतच राहिले. यातल्या एकालाही मी "ये" म्हणून बोलावलं नव्हतं.

नर्स वैतागून म्हणाली, "आजी, तुम्हाला मुलं तरी किती?"

सासूबाई म्हणाल्या, "जन्माला घातला तो येकच. बाकीचे त्यानं आनले."

* * *

पण हे एवढंच असतं तर मी विनयला कधी काही म्हटलंच नसतं.

सासूबाई वॉकर घेऊन चालायला लागल्या तेव्हा आमच्याकडे घरप्रार्थना ठेवली. सतरंज्या, चहा, पोहे, घर खच्चून भरलेलं. पाळकसाहेब म्हणाले, "आता कुणाच्याही मनात असेल त्याने प्रार्थना करावी." सगळ्यांनी डोळे मिटले. शांतता. आणि त्या शांततेत जोईचा आवाज, अगदी खणखणीत.

"देवा, विनयदादाला ताप दे. म्हणजे तो घरी राहील."

सवय वाईट हो! सगळे एका सुरात म्हणाले, "आमेन!"

मग एकेक डोळा उघडला.

कुणी हसलं, कुणी खोकलं. विनयने डोळे उघडलेच नाहीत. आणि सोमवारी त्याला ताप आला. एकशे दोन! मी थर्मामीटर झटकून दोनदा पुन्हा लावला. सासूबाई वॉकर ठोकत आल्या आणि जोईकडे बघून म्हणाल्या, "हिची अर्जी मंडळीपेक्षा लौकर पोचते. जपून ऱ्हावं लागंल."

जोईची मात्र दिवाळी. तिने बापाला पट्ट्या ठेवल्या, गोष्टी सांगितल्या, त्याच्या ताटात जेवली. तरुण संघ भेटायला आला तेव्हा ती दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. "आज दादा माझा आहे. तुम्ही बरे झाल्यावर या."

पोरं निमूट परत गेली. विनय आतून ऐकत होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी जाऊन त्याच्या पायाशी बसले आणि एकदाचं म्हटलं, "आभारसण होऊ दे. त्याच्या पुढच्या रविवारी सांग."

तो "बरं" म्हणाला. त्याने पाळकसाहेबांनाही कळवून टाकलं.

* * *

आभारसण म्हणजे कापणी झाल्यावरचा आमचा सण. नवे तांदूळ, नारळ, दुधी, पपया, अंडी, कोंबड्या, जे ज्याच्याकडे पिकलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. भाव बाजाराचा नसतो, खुशीचा असतो. ज्याने घेतलं तो बहुतेक वेळा तेच परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. एकेक नारळ पाच-पाच घरं फिरून येतो!

पाळकसाहेब एक तुरेबाज कोंबडा हातात घेऊन उभे होते. आणि मागे जेवणासाठी कुणीतरी दगडावर नारळ फोडत होतं. फाट्! मी दचकले, हात डोक्यावर गेला. "स्नेहलबाईंची बोली आली!" फाट्! पुन्हा हात. "स्नेहलबाईंनी वाढवली!" फाट्! "अरे वा, स्नेहलबाई थांबतच नाहीत!" लोक टाळ्या वाजवायला लागले. दुसरं कुणी बोलीत नव्हतंच. मी एकटीच स्वतःविरुद्ध भाव चढवत होते!

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "नारळ फोडनाऱ्याला थांबवा कुनीतरी, न्हायतर घर जाईल आमचं!"

कोंबडा मला मिळाला. आणून दिला सायमनने. आता आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रभूला पकडून नेलं त्या रात्री त्याच्या अगदी जवळच्या शिष्याने कोंबडा आरवायच्या आत तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. आमच्याकडे दुधाचे दात पडायच्या आधी पोरांना ही गोष्ट पाठ असते.

सायमनने कोंबडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वहिनी, हा आरवायच्या आत दादा आम्हाला नाकारणार म्हणे. खरं का?"

तो हसत बोलला. शेजारी उभ्या पोरांपैकी कुणी हसलं नाही. मी कोंबडा घट्ट धरून उभी राहिले. तो माझ्यापेक्षा कमी घाबरलेला होता.

* * *

तो रविवार आला. विनय नाइटहून सकाळी घरी यायचा होता, रिलीव्हर आलाच नाही. गेटवरून त्याचा फोन. "मला दुपार होईल. पाळकसाहेब सूचनांच्या वेळी आपलं नाव घेतील. तूच सांगून टाक."

"मी?"

"दोनच वाक्यं आहेत, स्नेहल. विनय आजपासून तरुण संघाचं काम थांबवतोय. त्याच्या घरासाठी प्रार्थना करा. बस."

मी आजवर मंडळीपुढे तोंड उघडलेलं नाही. लग्नात "होय" म्हणाले तेही ऐकू न आल्यामुळे पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं होतं!

चर्चमध्ये जोई नेहमीसारखी माझा हात सोडून तरुण संघाच्या बाकावर जाऊन बसली. मी सबंध उपदेशभर ती दोन वाक्यं घोकत होते. सासूबाई शेजारी ताठ बसलेल्या. सूचना झाल्या. पाळकसाहेब थांबले, चष्मा सारखा केला. "विनयच्या घरून एक निरोप आहे."

मी उठले. कशी पुढे गेले, आठवत नाही. माइक हातात घेतला तर तो किंचाळला! मी दचकून वर बघितलं.

समोर तरुण संघाचा बाक. जोई त्यावर आडवी झोपली होती. डोकं शेरॉनच्या मांडीवर, कंबर मधल्या एका मुलाच्या मांडीवर, पाय सायमनच्या. शेरॉनने खिडकीतलं ऊन तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून हात आडवा धरला होता, आणि तो हात थरथरत होता. म्हणजे केव्हापासून धरला असेल! मधल्या मुलाचा पाय बधिर झाला असावा, तो ओठ चावून बसला होता. जोईची एक टाच सायमनच्या शर्टाच्या खिशात अडकली होती. खिसा उसवला होता. तो ती सोडवत नव्हता, गीतपुस्तकाने तिला वारा घालत होता.

मी काय सांगायला उभी आहे, हे त्या बाकाला माहीत होतं. पण एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. माइक किंचाळल्यामुळे ती उठते की काय, म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते.

"विनयने निरोप दिलाय..." मी म्हणाले.

मी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"निरोप असा आहे, की..."

"बोला," पाळकसाहेब हळूच म्हणाले. त्यांना तर शब्द न् शब्द ठाऊक होता.

"जोई झोपलीय," मी म्हणाले. "तिला कुणी उठवू नका."

माइक जागेवर ठेवला आणि येऊन बाकावर बसले.

पाळकसाहेबांनी तरुण संघाच्या बाकाकडे पाहिलं. मग त्यांनी माइक बाजूला सारला आणि नुसत्या आवाजात म्हणाले, "मंडळी, शेवटचं गीत उभं न राहता म्हणू. जरा सावकाश."

आमची मंडळी गाते तेव्हा ढोलकी, टाळ, पेटी असं गाते की बाहेरच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनाही आमची गीतं पाठ आहेत. त्या दिवशी ढोलकीवाल्याने तळवा उचलून घेतला आणि नुसती बोटांची टोकं टेकवली. टाळ कुणी हातात घेतलेच नाहीत. सबंध चर्च कुजबुजल्यासारखं गात होतं.

दुसऱ्या कडव्याला एक रिक्षावाला दारातून डोकावला. आज गाणं बंद का पडलं, ते बघायला आला असावा. "काय झालं हो?" त्याने विचारलं.

सासूबाई वॉकरला धरून मागे वळल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.